बसलं म्हणजे जुळलं नव्हे



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अक्षरं पुन्हा काळी दिसायला लागली. आल्याआल्या भांडणाचाच विषय काढतोय, त्याबद्दल आधीच माफी. पण गेल्या महिन्यात आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी जी मनसोक्त थट्टा झाली, तिला तिथे उत्तर देणं मला जमलं नाही. तिथे माझं एक वाक्य पुरं होईतो चार अंगठे आणि दोन गणपती येऊन जातात. म्हणून इथे, माझ्या घरी बसून, सविस्तर.

प्रकरण असं. आमचा नातू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत अकोल्याला येताना तो एक मदरबोर्ड घेऊन आला. साधा नाही, दोन प्रोसेसर बसतील असा. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून काढलेले झिऑन प्रोसेसर हल्ली फार स्वस्तात मिळतात म्हणे, ते दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून त्याने मागवले. बेत असा की घरात एक मोठा संगणक उभा करायचा, त्यावर सगळ्यांचे फोटो ठेवायचे, आणि माझ्या कपाटात उरलेल्या आईच्या दोन कॅसेटी त्यात उतरवून, खरखर काढून स्वच्छ करायच्या. वर त्याचा वेगही कंपनीने ठरवलाय त्याहून वाढवायचा.

मी तीन प्रश्न विचारले. दोन्ही प्रोसेसर तंतोतंत एकच आहेत का? या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी तू वाचलीस का? आणि मे महिन्यात काय?

उत्तर आलं, "आबा, सॉकेट तोच आहे. बसतोय ना? मग चालणारच."

मी हे ग्रुपवर टाकायला नको होतं. टाकलं. त्यावर पुण्याच्या पुतण्याने लिहिलं, "काका, तुम्ही अजून २००० सालातच अडकलाय." पुढे हसणारे चेहरे सतरा. (मोजले.)

आता माझं म्हणणं ऐका. मी २००० सालात अडकलोय हे खरं आहे. का अडकलोय ते त्या पुतण्याला सगळ्यात चांगलं ठाऊक आहे, आणि हसणाऱ्या सतरांत त्याचाही चेहरा होता म्हणूनच हा लेख लिहितोय.

नव्या वाचकांसाठी थोडं मागे जातो. १९९९ साली तैवानच्या अबिट कंपनीने बीपी६ नावाचा मदरबोर्ड काढला. त्यावर दोन सेलेरॉन बसत. सेलेरॉन हा इंटेलचा गरिबाघरचा प्रोसेसर. दोन प्रोसेसर जोडीने चालवायचे तर महागडे पेंटियम किंवा झिऑन घ्या, असा इंटेलचा हिशेब होता. सेलेरॉनची जोडी चालते असं इंटेलने अधिकृतपणे कधी म्हटलं नाही. पण आतल्या सिलिकॉनला ते येत होतं, आणि अबिटने ते उघड केलं. शिवाय त्या बोर्डावर बसचा वेग, व्होल्टेज वगैरे सगळं पडद्यावरच्या यादीतून बदलता येई, बोर्डावरचे ते बारके जंपर चिमट्याने उपटत बसावं लागत नसे. जगभरची पोरं त्यावर तुटून पडली यात नवल नाही. आमचा पुतण्याही पडला. तेव्हा तो पुण्यात शिकत होता, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन बोर्ड आणि ३६६ मेगाहर्ट्झचे दोन सेलेरॉन घेऊन आला. वर्षभराने त्याला आणखी नवं काही हवं झालं आणि २००० च्या दिवाळीत हा संगणक माझ्याकडे आला.

मी मराठीचा मास्तर, मराठी माध्यमातला बीए. बोर्डाचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, सव्वा महिना लागला. पुतण्याने ते कधीच उघडलं नव्हतं, प्लास्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. त्यातून मला जे कळलं ते सांगतो, कारण आजही नियम तेच आहेत, आकडे तेवढे बदलले.

प्रोसेसरचा वेग हा गुणाकार असतो. एक आकडा बसचा, म्हणजे बोर्डावरच्या सगळ्यांनी धरायच्या तालाचा. दुसरा प्रोसेसरच्या आतला गुणक. त्या सेलेरॉनचा गुणक साडेपाच, कंपनीने कुलूप लावलेला. बस ६६ ची (नेमकं सांगायचं तर ६६.६). साडेपाच गुणिले ६६.६ म्हणजे ३६६. गुणकाला हात लावता येत नाही, तर मग बसचाच ताल वाढवा. १०० केला की साडेपाचशे. फुकटात जवळजवळ दीडपट. पुतण्याने तेच केलं होतं आणि पुण्यात, थंडीत, ते उत्तम चाललं होतं.

पण ताल वाढला की तो प्रोसेसरपुरता वाढत नाही, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. हार्ड डिस्क ज्या पीसीआय बसवरून बोलते, तिचा ताल मुख्य तालाला भागून काढतात. तो ३३ च्या आसपास असायला हवा, त्याच बोलीवर सगळी यंत्रं बनवलेली असतात. मुख्य बस ६६ असेल तर भागिले दोन, ३३. मुख्य बस १०० असेल तर भागिले तीन, पुन्हा ३३. म्हणजे १०० वर प्रोसेसर धावतोय पण डिस्क आपल्या नेहमीच्याच चालीने चालतेय. इथपर्यंत ठीक.

२००१ चा एप्रिल उजाडला. अकोल्याचा उन्हाळा ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा मे महिन्यात रेल्वे स्टेशनवर उतरून बघावं. पारा ४४-४५ ला सहज जातो. खोलीत वाळ्याचा कूलर, तोही भारनियमनात बंद. संगणक दुपारी गोठायला लागला. मी पुतण्याला एसटीडी लावला. (तेव्हा रात्री दहानंतर दर कमी होत, म्हणून दहा वाजायची वाट बघून.) तो म्हणाला, "काका, एक प्रोसेसर जरा कच्चा आहे, गरमीत शंभर झेपत नाही त्याला. ८३ वर ठेवा. मधला मार्ग."

मधला मार्ग! मास्तर माणसाला हा शब्द किती गोड लागतो. मी ८३ केलं. संगणक मे महिनाभर एकदाही गोठला नाही. मी तीन जणांना पुतण्याचं कौतुक सांगितलं.

आता गणित करून पाहा. ८३ ला भागाकार दोननेच होत होता. साडेएक्केचाळीस. ३३ च्या बोलीवर बनलेल्या डिस्कच्या वाटेवर साडेएक्केचाळीसची धाव. ६६ वर धोका नव्हता, १०० वर डिस्कला धोका नव्हता, तो नेमका त्या समजूतदार मधल्या आकड्यावर होता. प्रोसेसरला ४५६ चा वेग आरामात झेपत होता, म्हणून तो थांबतही नव्हता. थांबला असता तर बरं झालं असतं.

त्या संगणकावर काय होतं ते आता सांगतो. आमची आई १९९९ च्या जानेवारीत गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत मी तिच्या आणि माझ्या दोन मावश्यांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. ३११ ओव्या. २००१ च्या जानेवारीपासून मी त्या ऐकून ऐकून टंकत होतो. एकेका शब्दासाठी कॅसेट पाच-पाच वेळा मागे घ्यायची, कारण आईचे दात गेलेले, आणि मधेच जात्याची घरघर. टंकून झालेल्या कॅसेटी मोकळ्या झाल्या म्हणून मी त्यांवर दहावीच्या कवितांच्या चाली भरल्या, वर्गात वाजवायला. शाळेला नव्या कॅसेटी घ्यायला पैसे नव्हते. हा गुन्हा माझा, तो कुणावर ढकलत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी छापून काढावं म्हणून फायली उघडल्या. काही उघडल्याच नाहीत. काही उघडल्या, पण माहेरच्या ओवीच्या मधोमध शाळेच्या हजेरीचा तुकडा, आणि पुढे नुसत्या चौकटी आणि टिंबं. मी सावध माणूस, दर रविवारी सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवायचो. फ्लॉप्या काढल्या. फ्लॉप्यांवरही तेच! कारण बिघडलेलं होतं तेच मी दर रविवारी इमानेइतबारे उतरवत होतो, आणि तीच फ्लॉपी पुन्हा वापरत होतो. ३११ पैकी धड राहिल्या १९४. दोन कॅसेटी मी अजून पुसल्या नव्हत्या, त्यांतून आणखी काही मिळाल्या. बाकी गेल्या. मावश्याही आता नाहीत.

यात बोर्डाचा दोष नव्हता, प्रोसेसरचा नव्हता, डिस्कचाही नव्हता. त्यांना जे करायला सांगितलेलं नव्हतं ते आम्ही त्यांच्याकडून करवून घेतलं आणि पडदा उजळलेला दिसला म्हणून समाधान मानलं. "चालतंय ना, मग झालं" या वाक्याशी माझं भांडण तेव्हापासूनचं आहे.

मुलं परीक्षेत गणिताची रीत चुकून उत्तर बरोबर आणतात तेव्हा आपण काय म्हणतो? या वेळी आलं, पुढच्या वेळी येईलच असं नाही. इथे तर त्याहून वाईट. संगणक चुकीचं उत्तर बरोबर उत्तराच्याच ऐटीत देतो. धूर येत नाही, आवाज येत नाही.

असो. आता आजच्या प्रकरणाकडे.

नातवाने पहिला प्रोसेसर एकटा बसवून पाहिला, चालला. दुसरा एकटा बसवला, चालला. दोन्ही एकत्र बसवले, तर पडदा काळा. तासभर खटपट करून त्याने निदान केलं की बोर्ड खराब आहे, आणि विक्रेत्याला तक्रार लिहायला बसला. मी म्हटलं, थांब. दोन्ही प्रोसेसर टेबलावर ठेव. त्यांच्या धातूच्या झाकणावर बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती मी माझ्या नव्या डोळ्यांनी वाचली. एकावर ई५-२६८० व्ही३. दुसऱ्यावर ई५-२६८० व्ही४.

"आबा, नंबर तर एकच आहे," तो म्हणाला.

नंबर एक आहे, पिढी वेगळी आहे. व्ही३ ला १२ कोअर, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, साल २०१४. व्ही४ ला १४ कोअर, मूळ वेग २.४, साल २०१६. सॉकेट तोच, बोर्ड दोघांनाही ओळखतो, पण एकेकट्याला. जोडीत दोघं एकाच पिढीचे, एकाच मॉडेलचे लागतात.

हे नवं नाही हो. १९९८ साली सेलेरॉन ३०० आणि सेलेरॉन ३०० ए असे दोन होते. पहिल्याच्या पोटात एल२ कॅश अजिबात नाही, दुसऱ्याच्या पोटात १२८ केबी. एका 'ए'चा फरक. २००० साली सेलेरॉन ५३३ आणि ५३३ ए. पहिला बीपी६ वर जोडीने चालायचा. दुसरा त्याच ३७० पिनांच्या सॉकेटमध्ये बसायचा, पण त्याची आतली रचनाच वेगळी, पिनांच्या जोडण्या वेगळ्या, आणि जोडीने चालायची सोय कंपनीने काढून टाकलेली. कित्येकांनी जास्त पैसे मोजून 'ए' घेतला आणि कपाळाला हात लावला. तीस वर्षं मी पोरांना दिन आणि दीन यांतला फरक शिकवला. र्‍हस्व-दीर्घाने काय बिघडतं सर, असं विचारणारे आता बोर्डासमोर बसलेत आणि व्ही३-व्ही४ ने काय बिघडतं विचारताहेत.

आणि यादी वाचायला किती वेळ लागतो? त्या ई५ नंतरचा पहिलाच आकडा सांगतो की हा किती जणांच्या पंगतीत बसेल. १ असेल तर एकटा, २ असेल तर जोडीने, ४ असेल तर चौघांत. ई५-१६५० व्ही३ त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण दुसऱ्या प्रोसेसरशी बोलायची क्यूपीआय नावाची वाटच त्याला ठेवलेली नाही. कोअर आय७-५८२०के हाही तसाच बसतो आणि तसाच एकलकोंडा. गंमत बघा, त्या १६०० मालिकेतल्या काही प्रोसेसरांचे आणि त्या आय७ चे गुणक मोकळे आहेत, हवा तेवढा वेग वाढवा. २६०० मालिकेचे कुलूपबंद. ज्याला पळवता येतं त्याची जोडी लागत नाही आणि ज्याची जोडी लागते त्याला पळवता येत नाही. बसचा ताल वाढवावा तर १०० चे पाच-सात फार तर, कारण त्याच तालाला बाकी सगळं बांधलेलं. हे सगळं खरेदीच्या आधी अर्ध्या तासात कळतं. झाकणावरचा संकेत वाचला तर विक्रेत्याने काय पाठवलंय तेही कळतं. या पिढीला तो एसआरने सुरू होतो. क्यू ने सुरू होणारा चार अक्षरी संकेत दिसला तर तो कंपनीचा चाचणीसाठीचा नमुना, विक्रीचा मालच नव्हे, आणि तसेही बाजारात फिरताहेत.

आता ग्रुपवरच्या विद्वानांचे मुद्दे घेतो.

पुतण्या म्हणतो, कंपन्या मुद्दाम कमी आकडा छापतात, आत माल तोच असतो. अरे, मान्य! अर्धं मान्य. महागड्याचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून स्वस्तातल्याचे हातपाय बांधायचे, हा धंदा त्यांनी केलाच आहे, सेलेरॉनची जोडी हा त्याचाच पुरावा. त्यांच्यावर माझा राग तुझ्याइतकाच आहे. पण कंपनी अप्रामाणिक आहे म्हणून माझ्या हातातला हा विशिष्ट तुकडा सशक्त आहे असं कसं सिद्ध होतं? दुकानदार मापात मारतो हे कळल्यावर शहाणा माणूस घरी वजन करतो. तू वजन करणंच सोडून दिलंस.

आणि दोन प्रोसेसर असले की हिशेब दुप्पट कडक होतो. समजा दहातले सात तुकडे वाढीव वेग झेपवतात. एकच घेतला तर दहात सात वेळा काम होईल. दोघांनीही झेपवायला हवं असेल तर सात गुणिले सात, शंभरात एकोणपन्नास. दोघांची बस एकच, तेव्हा कच्च्याच्याच चालीने दोघांना चालावं लागतं. आपल्याकडचा तो कच्चा सेलेरॉन तुला आठवत असेल.

धाकट्या जावयांनी व्हिडिओ पाठवले. बघा काका, हा माणूस करून दाखवतोय. बघितले. त्या माणसाच्या अंगात स्वेटर आहे. ज्यांच्या घरात मे महिन्यात एसी चालू असेल त्यांनी खुशाल त्याचं अनुकरण करावं. प्रत्येक प्रोसेसर १२० वॅटचा, दोन म्हणजे २४०, तेही न वाढवता. हे उष्णतेचे वॅट खोलीतच पडतात, आणि खोली आधीच ४० ची. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा कुठून आणणार? शिवाय ज्यांचा डाव फसला त्यांनी व्हिडिओ केलेलाच नसतो.

नातवाचा मुद्दा सगळ्यात अभ्यासाचा होता. तो म्हणाला, या बोर्डावर ईसीसी मेमरी आहे, ती चुका स्वतःच दुरुस्त करते. बरोबर आहे. एका बिटाची चूक ती दुरुस्त करते. पण मेमरीत ठेवलेल्या गोष्टीची. प्रोसेसरनेच बेरीज चुकवून दिली तर ती चुकलेली बेरीज ती जिवापाड जपेल. माझ्या फ्लॉप्यांनी तेच केलं.

दुसऱ्या टोकाला इथल्या बाजारातले दुकानदार आहेत. त्यांना काहीही विचारा, "होत नाही सर, नवीन घ्या." त्यांच्याबद्दल लिहिण्यात वेळ घालवत नाही. यादी त्यांनीही वाचलेली नसते.

मी ओव्हरक्लॉकिंगच्या विरुद्ध आहे असा समज करून घेऊ नका. तुमचा स्वतःचा खेळायचा संगणक असेल तर जाळा, फोडा, काही म्हणणं नाही. असं करूनच शिकतात पोरं, आणि बीपी६ वाल्या पोरांनी मोठमोठ्या कंपन्यांना थोडी लाज आणली याचा मला आनंदच आहे. पण ज्या यंत्रावर दुसऱ्याचं काही ठेवायचं आहे, तिथे "चालतंय" हे उत्तर मी घेणार नाही. आईचा आवाज ही माझी एकट्याची मालमत्ता नाही. तुम्हा सतरा जणांची आजी किंवा पणजी आहे ती.

पुढे काय झालं तेही सांगतो. व्ही४ परत गेला, दहा दिवसांनी दुसरा व्ही३ आला. या वेळी झाकण त्यानेच आधी वाचलं. जोडी पहिल्या फटक्यात लागली, २४ कोअर, आणि मलाही मनातून फार छान वाटलं हे कबूल करतो. मग वेगाचा विषय पुन्हा निघाला. गुणक कुलूपबंद, तरी व्ही३ मध्ये एक पळवाट आहे. एक-दोन कोअर काम करत असतील तेव्हा हा प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, सगळे कामाला लागले की २.९ वर येतो. बायॉसमधून मायक्रोकोडची दुरुस्ती काढून टाकली की सगळेच कोअर ३.३ धरतात. (याला खरं ओव्हरक्लॉकिंग म्हणत नाहीत असं कोणी म्हणेल. म्हणा बापडे.) मात्र वॅटची मर्यादा आड येते, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवावं लागतं. आणि त्या मायक्रोकोडमध्ये कंपनीने नंतर सुधारलेल्या चुका असतात, २०१८ साली उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या छिद्रांवरची ठिगळंही त्यातूनच येतात. ती सगळी सोडून चार आण्यांचा वेग घ्यायचा.

मी म्हटलं, कर. पण कॅसेटी आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरतील, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, एक पुण्याला पुतण्याकडे. प्रत काढल्यावर ती मूळाशी ताडून बघायची, नुसती उघडते का ते नाही. आणि तुझ्या यंत्राने प्राइम९५ ची चाचणी तीन दिवस द्यायची, एसी नसलेल्या खोलीत, या मे महिन्यात. ही चाचणी मला आवडते. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं ती प्रत्येक कोअरकडून पुन्हा पुन्हा सोडवून घेते आणि ताडून बघते. मास्तर लोकांची चाचणी आहे. नातू लगेच तयार झाला, त्याला खात्रीच होती.

पहिला दिवस पार पडला, दुसरा पडला. खोलीत दुपारी ४१ होते. परवा रात्री सव्वातीनला दुसऱ्या प्रोसेसरवरच्या एका कोअरची गणितं चुकली आणि त्याची चाचणी लाल ओळ दाखवून थांबली. बाकीच्या तेवीस कोअरचं काम चालूच होतं, पंखे फिरत होते, पडदा उजळलेला होता, नातवाने लावून ठेवलेली गाणीही अडखळली नव्हती. सकाळी सहाला मी दूध घ्यायला उठलो तेव्हा मला ती ओळ दिसली. मी काही बोललो नाही, चहा ठेवला. तो उठला, पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला, आणि मग खुर्ची ओढून मूळचं बायॉस परत घालायला बसला.

काल त्याने ग्रुपवर त्या लाल ओळीचा फोटो टाकला. अजून कोणाचं काही आलेलं नाही. पुतण्याचा मात्र रात्री दहानंतर फोन आला होता. त्याला कॅसेटींची प्रत पेनड्राइव्हवर नको, तो स्वतः येऊन घेऊन जाणार आहे, रविवारी.